खिडकीकडची रांग

४ मार्च
खिडकीकडची रांग गेली. सगळीच! सकाळी वॉर्डात शिरले तर माणसं पलंग उचलून नेत होती. मी या वॉर्डाची सिस्टर, पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही. फरशीवर पलंगांच्या पायांचे गंजाचे डाग तेवढे राहिलेत.

मोठे डॉक्टर म्हणाले, "हल्ली पेशंट लवकर घरी जातात, सिस्टर. रिकामे पलंग कशाला पोसायचे?"

रिकामे! मी नोकरीला लागले तेव्हा दोन्ही रांगा भरून मध्ये जमिनीवर गाद्या असायच्या. बरं, त्यांचं अगदीच खोटं नाही. पित्ताच्या खड्यांची बाई पूर्वी आठवडाभर पडून असायची, आता दुसऱ्या दिवशी चालत जाते. पण माझा वॉर्ड हाडांचा. म्हातारीच्या हाडाला कोण सांगणार — लवकर जुळ बाबा!

समोरच्या खाजगी हॉस्पिटलवर मात्र नवा मजला चढतोय. आजारी पडणारी माणसं तीच ना?

७ मार्च
शिवणबाईंना घरी पाठवा, असा पुन्हा निरोप. शिवणकामावर एकटीनं पोट भरणारी बाई. खुबा मोडून आल्या होत्या, आता वॉकर धरून चालतात. पण घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मागेपुढे कुणी नाही. पाठवू कशी? "उद्या बघते," म्हणून आले. उद्या, उद्या करत किती ढकलणार!

१२ मार्च
आई न्हाणीघरात घसरली. तिचाही खुबाच.

आणि माझ्याच वॉर्डात माझ्या आईला पलंग नाही. दादा म्हणाला, "राहू दे तुझी धर्मशाळा!" तिला समोर खाजगीत नेलं.

१५ मार्च
ऑपरेशन झालं. खोली काय देखणी! बटण दाबलं की पलंग वर-खाली. आई लहान मुलीसारखी बटण दाबत होती. "तुमच्याकडे असं का नाही गं?" काय सांगू, कप्पाळ! मलाही हायसं वाटलं. घरी येऊन त्याचाच राग आला.

२१ मार्च
आईचा ताप उतरत नाही. छाती भरलीय.

२४ मार्च
त्यांनी आईला काढलं. "वय झालंय हो. इथे ठेवून उपयोग नाही, सरकारीत हलवा." दुपारी आईचं स्ट्रेचर माझ्या वॉर्डाच्या दारात! नाकाला ऑक्सिजन. एकही पलंग मोकळा नाही. दादा सगळ्यांदेखत ओरडला, "सिस्टर ना तू इथली? उठव की कुणाला तरी!"

कुणाला, ते मला ठाऊक होतं. शिवणबाईंनाही. मी तिकडे बघायचंच टाळलं. तर त्या आपणच पाय खाली सोडून बसल्या. "मी बरी झालेय, सिस्टर. लिहा तसं."

लिहिलं.

पण तिसऱ्या मजल्यावर नाही पाठवलं. गाडी बोलावली, माझ्या घराची किल्ली त्यांच्या हातात दिली. आमचं घर तळमजल्यावर, शेजारीण सोन्यासारखी. आता त्यांच्या पलंगावर आई, आईच्या खोलीत त्या. मोठ्या डॉक्टरांना कळलं तर? कळू दे!

२६ मार्च
आई जरा शुद्धीवर होती. "घरी कोण आहे?" म्हटलं, शिवणबाई. "तिला उपाशी ठेवू नकोस हो." पुन्हा डोळे मिटले. दादा बाहेर बाकावर बसून होता. त्या दिवसापासून माझ्या नजरेला नजर देत नाही.

२९ मार्च
सकाळी आई गेली. दुपारी माणसं येऊन तिचा पलंगही वॉर्डातून उचलून घेऊन गेली.

सगळं उरकून घरी आले तर शिवणबाई दाराशी खुर्चीत, पायात चपला, मांडीवर भरलेली पिशवी. शेजारणीनं सांगितलं असणार. माझा हात धरून बसल्या थोडा वेळ. मग हळूच म्हणाल्या, "आता पलंग मोकळा असेल ना? मी जाते परत. तुम्हाला किती अडचण करू?"

पलंगच उरला नाही, हे तोंडातून निघेना. पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली.