विंटरथूरचा अर्धा तास

८ नोव्हेंबर १९५९, रविवार. मल्लेश्वरम.
परत येऊन आज तीन महिने. अजून लोक 'परदेशचं ऐकायला' येतात. आज ह्यांच्या फॅक्टरीतले दोघे, सहकुटुंब. प्रश्न ठरलेले. बर्फ किती पडायचं? थंडी सोसली का? आणि मग आवाज खाली करून, खाण्याचं काय केलंत? हे आल्बम काढतात आणि आल्प्सपासून सुरुवात करतात. कुठं हसायचं ते मला आता पाठ झालंय, पण मी हसायला बाहेर असते कुठं? आत उपमा हलवत असते.
सासूबाईंनी पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं, "आमच्या मुलाला तिकडचं वारं लागलं नाही हो. गेला होता तस्सा आला."
खरं आहे. तस्सेच आलेत.

१० नोव्हें.
परवा वाक्य अर्धवट सोडल्यासारखं वाटलं म्हणून लिहिते.
स्वित्झर्लंडात विंटरथूरला वर्षभर होतो. ह्यांचं कारखान्यात ट्रेनिंग, मी आणि मीना बरोबर. मीना तेव्हा पाच वर्षांची. केलरबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मोलकरीण वगैरे काही नाही. पहिल्या आठवड्यात मी भांडी घासायची आणि हे शेजारी खुर्ची टाकून पेपर चाळायचे. एक दिवस केलरबाई वर आल्या, अवाक्षर न बोलता ह्यांच्या हातात फडकं दिलं आणि खाली गेल्या. हे इतके गांगरले की पुसायलाच लागले!
मग रोजचंच झालं. तीन खिळ्यांना तीन फडकी. काचेला वेगळं, बश्यांना वेगळं, हातांना वेगळं. मी चुकून भलतं घेतलं तर मलाच ओरडायचे.
आणि बोलायचे. तो अर्धा तास. मशीनचं, फोरमनचं. जर्मन कळत नाही म्हणून नुसती मान हलवतो, एक दिवस पकडला जाईन, असं. एकदा वडिलांच्या शेवटच्या आजारपणाचं सांगितलं. ताट एकच, पुसतायत, पुसतायत. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि मला तोवर कधी…
इथं पुट्टम्मा दोन वेळा येते, मागच्या दारी भांडी घासून जाते. चांगली घासते, तिला नावं ठेवायला जागा नाही. पण तिथं मोलकरीण नव्हती म्हणून मला नवरा मिळाला होता. लिहिताना हसू आलं, मग आलं नाही.

१९ नोव्हें.
हे साडेपाचला फॅक्टरीच्या बसनं येतात. कॉफी. मग सासूबाईंपाशी बसतात. ते बरोबरच आहे, त्या बिचाऱ्या वर्षभर धारवाडला धाकट्या दिरांकडे होत्या, ह्यांच्या वाटेकडे डोळे लावून. मग पेपर. मग पानं.
आज मुद्दाम मोजलं. माझ्याशी चार वाक्यं. त्यात एक 'आमटीत मीठ कमी आहे'.
मीठ बरोबर होतं.

२९ नोव्हें., रविवार
आज नको ते झालं.
ह्यांचे साहेब आणि बाई चहाला आले होते. आल्बम निघाला. केलरबाईंच्या स्वयंपाकघराचा एक फोटो आहे, त्यावर बोट ठेवून मीना म्हणाली, "इथं बाबा कपबश्या पुसायचे. काचेचं फडकं त्यांचं होतं."
साहेब मोठ्यानं हसले. "काय हो, हे ट्रेनिंग कुणी दिलं?"
ह्यांचा चेहरा लाल. म्हणाले, "काहीतरीच बोलते. स्वप्नं पडतात हिला."
सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं?"
मी म्हटलं, "लहान आहे ती."
मी म्हटलं. मीच. मीना माझ्याकडे बघत राहिली. मग उठून मागच्या अंगणात गेली.

३० नोव्हें.
वेणी घालताना मीनानं विचारलं, "मी खोटं बोलले का?"
"नाही. तू खरं बोललीस."
"मग तू का नाही सांगितलंस?"
मी वेणी घट्ट ओढली. ती ओरडली. स्वतःची शरम वाटते आहे. ह्यांनी नाही म्हटलं त्याचं दुःख झालं, पण मी काय निराळं केलं? त्या वर्षातली सगळ्यात चांगली गोष्ट दोघांनी मिळून नाकारली आणि मुलीला खोटं पाडलं.

१३ डिसें.
महिला मंडळाच्या चिटणीसबाई येऊन गेल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी माझं भाषण हवं, 'आमचं परदेशातलं वर्ष'. मी नाही म्हणणार होते. हेच आतून म्हणाले, "बोलेल की. मी लिहून देतो."

२० डिसें., रविवार
दिलं लिहून. चार पानं. स्वच्छता, शिस्त, गाड्यांची वेळ, गाईंच्या गळ्यातल्या घंटा. अक्षर सुरेख. सगळं खरंच आहे, एक शब्द खोटा नाही. पण वाचून वाटलं, आम्ही तिघं तिथं गेलोच नव्हतो.
शेजारच्या राधाअक्कांना वाचून दाखवलं. त्यांचं घराणं तीनशे वर्षं इथलंच, मराठी त्यांची स्वतःची, कानडी मिसळलेली. ऐकून म्हणाल्या, "बरं आहे की. पण स्वल्प कोरडं आहे बघा. तुम्ही तिथं काय करत होता, ते कुठं आहे?"

३ जाने. १९६०, रविवार
आज ह्यांच्याबरोबर मार्केटला गेले, मुद्दाम. येताना वाटेत विचारलं, "तुम्ही मीनाला खोटं का पाडलंत?"
बराच वेळ पिशवी या हातातून त्या हातात. मग, "साहेबांसमोर, आईसमोर काय सांगू? तिकडचं तिकडं गं."
"मग तुम्हीही तिकडचे तिकडंच राहिलात का?"
पिशवी पुन्हा ह्या हातात. वांगी चांगली मिळाली.

२४ जाने., रविवार
भाषण झालं.
समोर पन्नासएक बायका. दारापाशी सासूबाई. हळदीकुंकवाला त्यांना थांबता येत नाही, म्हणून भाषण ऐकून घरी जायचं ठरवून आल्या होत्या. मीना पहिल्या ओळीत. ह्यांची दीड पानं वाचली. गाईंच्या घंटा वाजल्या. मीना पायांकडे बघत होती. कागद खाली ठेवले.
म्हटलं, तिथं आमच्याकडे मोलकरीण नव्हती. मी भांडी घासायची आणि आमचे हे पुसायचे. माझी मुलगी मध्यंतरी हे बोलली आणि मी तिला लहान म्हटलं. ती खरं बोलली होती. तिथलं मला बर्फ आठवत नाही. तो अर्धा तास आठवतो. कारण तेव्हा आम्ही बोलायचो.
एवढंच. कुणी हसलं, कुणी कुजबुजलं. त्यातून राधाअक्का: "सरी, बरं. मग एकादी बशी तरी फोडली का न्हाई त्यांनी?"
"दोन," मीना ओरडली. "एक मीही फोडली."
मग सगळ्याच हसल्या. बरं हसणं होतं ते. दाराकडे पाहिलं तर सासूबाई निघून गेल्या होत्या.

२५ जाने.
सासूबाई सकाळपासून गप्प. शेंगा सोलायला बसलो तेव्हा बोलल्या.
"कपबश्या पुसल्यानं काय बिघडतं? पण मला पन्नास जणींत कळावं का गं?"
"चुकलं, आई."
मग शेंगांकडेच बघत, "तुझ्या मामंजींनी एकदा भात टाकला होता. मला ताप होता तेव्हा. कच्चा राहिला होता. सगळा खाल्ला मी. अजून कुणाला बोलले नव्हते."
मी भलतीकडेच शेंग सोलली. त्याच म्हणाल्या, "दाणे खाली सांडतायत."

२८ जाने.
ह्यांच्या कानावर गेलंच. फॅक्टरीच्या बसमध्ये रोज कुणीतरी विचारतं, "काय, झाल्या का कपबश्या?" हे माझ्याशी बोलत नाहीत. चार वाक्यं होती, तीही गेली. मी सांगितलं ते खरं होतं, पण लाज ह्यांच्या वाट्याला आली. ह्याचा विचार मी केला नव्हता. वाईट वाटतं. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन, तेही खरं.
मीना मात्र ह्यांच्या मांडीवर जाऊन बसायला लागली आहे.

७ फेब्रु., रविवार
फॅक्टरी ह्यांना पुन्हा पाठवते आहे. आणखी एक वर्ष, तिथंच. हे सासूबाईंच्या समोर फॉर्म भरायला बसले. एका रकान्याशी थांबले. कुटुंब बरोबर येणार काय?
"काय लिहू?" ह्यांनी विचारलं. मी सासूबाईंकडे पाहिलं.
"माझ्याकडे काय बघतेस? तुला विचारतोय तो."
दहा दिवसांत पहिलं वाक्य, आणि तेही असलं. तीन महिन्यांपूर्वी नुसत्या कल्पनेनं मी ट्रंक भरली असती. आज नुसतं, उद्या सांगते म्हटलं.
मला काय हवंय ते आता कळलंय. मला विंटरथूर नकोय. मला तो माणूस हवाय, इथं, ह्या घरात, आई समोर बसलेल्या असताना. तिथं गेले तर वर्षभर मिळेल, आणि परत आल्यावर पुन्हा तस्सेच. नाही गेले तर वर्षभर हेही नाहीत.

८ फेब्रु., सोमवार. सकाळ.
बस येण्याआधी हे स्वयंपाकघराच्या दाराशी आले. फॉर्म हातात. सासूबाई तिथंच होत्या, भाजी चिरत.
"चल ना," म्हणाले. "मला एकट्याला नाही जायचं. तिथं किती बरे होतो गं आपण."
म्हणजे ह्यांनाही आठवतं. इतके दिवस मी समजत होते की माझ्या एकटीलाच.
मी विचारलं, "आणि इथं?"
सासूबाईंचा विळीवरचा हात थांबला. ह्यांनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. रकाना कोराच ठेवून गेले.
साडेपाचला येतील.