बेअरिंगचा गाडा आणि आप्पांचा होकार

३ एप्रिल, लातूर
आज सकाळी सातला टँकरचा हॉर्न वाजला, त्याच क्षणाला माझं पळणं संपलं अन् घसरणं सुरू झालं. कालच गल्लीतल्या शिवलीलाला (यापुढं शि.) बोललो होतो, उद्या पाण्याला पहिला नंबर माझा. मी चढावर, टँकर खाली. घागरी वाहायचा बेअरिंगच्या चाकांचा गाडा रिकामाच होता. वाकून ढकलत पळालो अन् पोटावर झेप घेतली. डोकं पुढं. माणसं बाजूला. नंबर पहिला.
रांगेतले रिटायर सुभेदार काका माझ्या हनुवटीचं रक्त बघत म्हणाले, "बर्फावर हाच खेळ खेळतेत पोरा. मी पहाडात पाह्यलाय."
शि.नं तोंडावर ओढणी घेतली. हसलीच पण.

५ एप्रिल
खेळाचं नाव स्केलेटन. आईला नायगावला फोन केला, म्हणालो, सांगाडा म्हणतात. आई: "दुष्काळात त्येचीच कमी होती."
शंभर मीटर पळण्यात कॉलेजची तीन वर्षं घातली. क्रीडाशिक्षकानं यादीतून नाव कापलं, मी त्याची शिट्टी हिसकून गच्चीवर फेकली. बी.ए.चं दुसरं वर्ष तिथंच सुटलं. पश्चात्ताप? शिट्टीचा न्हाई.

१२ एप्रिल
काका रोज सकाळी सराव घेऊन राहिले. रिंगरोडमागचा उतार. "अंग सैल सोड. ताठलास की गाडा आडवा." मी ताठतोच. कोपर सोललं.
शि.नं दुकानातली हळद आणली. "पळताना निदान तोंड दिसायचं तुझं." मग हळूच, "आप्पाला कधी विचारणार?"
आप्पा म्हणजे तिचे वडील, किराणावाले, मूळ उदगीरचे. पोरगी पदवीवाल्यालाच देणार, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. विचारीन म्हणालो. केव्हा ते...

२० एप्रिल
काकांनी स्केलेटनच्या निवड चाचणीचा फॉर्म आणला, तो आप्पांच्या दुकानातच भरला. पेनही त्यांचाच.
"जिल्हा उदगीर लिही."
"आप्पा, उदगीर जिल्हा अजून झाला न्हाई."
"होतोय की. तू तरी कुठं बर्फ पाह्यलायस?"
लातूरच लिहिलं. आप्पा रुसले. गुळाचा खडा मात्र दिला. विचारायचं तोंडापर्यंत आलं होतं, तेवढ्यात गिऱ्हाईक.

२ मे, माहूर
घाटात चाचणी, चाकं लावलेल्या स्लेजवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर. दर्शनाच्या जीपा वर थांबवून ठेवल्या होत्या. नागपूरचा एक जण म्हणाला, "लातूरवाल्या, आंघोळ करून आलास का?" डोकं सटकलं. पहिली फेरी थेट गवतात. तो पोट धरून हसून राहिला. कॉलर धरायला निघालो तर काका मधे. "त्याला नंतर मार. आधी खाली जाऊन दाखव."
दुसऱ्या फेरीला स्लेजवर नुसता पालथा पडलो, दुपारी रूमवर फरशीवर पडतो तसा. काही केलं न्हाई. जन्मात पहिल्यांदा काहीच न्हाई. स्लेज आपणहून वळली. नागपूरवाल्यापेक्षा कमी वेळ लागला. खाली त्यानंच पाण्याची बाटली दिली. अर्धी पिऊन परत केली.

१८ मे
निवड झाली! पहाडात शिबिर, आधी चाकांवर, बर्फ थंडीत. परत यायचं केव्हा, पत्रात काही न्हाई.
शि.नं पत्र वाचलं, घडी घातली, स्वतःकडंच ठेवलं. "बी.ए.चा बाहेरून बसायचा फॉर्म आणलाय. सही कर." केली. "आता आप्पाचं तू बघ. मी सांगणार न्हाई."

२४ मे
नांदेडची बस अकराला, तिथून संध्याकाळी गाडी. आत्ता नऊ. तीनदा घोकून झालं. "आप्पा, एक विचारायचंय" इथवर नीट जमतंय. पुढं आवाज चढतो, भांडायला आल्यासारखा.
काका खालून, "मी येऊ का सोबत?" नको म्हणालो.
शि. दुकानामागं घरात आहे, म्हणजे शब्द न् शब्द ऐकणार. खिडकीतून दिसतंय, आप्पांनी शटर वर केलंय. विभूती लावून, उदबत्ती फिरवून बसले की पहिलं गिऱ्हाईक येईस्तोवर मोकळेच असतात. न्हाई म्हणाले तर, हे अजून घोकलेलं न्हाई.
वही बॅगेत टाकतो. दार ओढून घेतो अन् निघतो.