लतिकाच्या जागेवरची गोणी

४ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प, जरा उशिराच: शिडाची छोटी डिंगी एकट्याने चालवणार. लतिका डोंबिवलीला बहिणीकडे गेली आहे. थोड्या दिवसांसाठीच. (दिवाळीच्या आधी गेली, पण मी मोजत बसत नाही.) परत येईल तेव्हा माझं शिडावरचं कसब बघून थक्क होईल.

भांडण कशावरून, तर मी ओरडतो म्हणे. बोटीत ओरडावंच लागतं, वाऱ्यात आवाज पोचत नाही. तिचं म्हणणं, घरात कुठला वारा असतो?

७ जानेवारी, भुईगाव
बोट मार्सेलच्या वाडीत, नारळांखाली. मार्सेल माझा ऑफिसातला जुना मित्र.

टॅकिंगची उजळणी. बोटीचं नाक वाऱ्यातून फिरवायचं. बूम, म्हणजे शिडाखालचा दांडा, डोक्यावरून जाईल. वाकून पलीकडे सरकायचं, सुकाणू आणि मेनशीटचे हात बदलायचे. शिडाची ही दोरी क्षणभरही सोडायची नाही. सोपं आहे. इतकी वर्षं मीच तर करत आलोय.

उलटलो. कारण तांत्रिक. लतिकाच्या जागेवर वजन नव्हतं.

८ जानेवारी
वाळूची गोणी भरली. लतिकाच्या वजनाची. (आकडा लिहीत नाही. वही तिच्या हाती लागली तर संपलंच.) गोणीला तिचं लाइफजॅकेट घातलं. मार्सेल पोट धरधरून हसला. हसू दे. निघताना बरं वाटलं, शेजारी कोणीतरी होतं.

टॅक घेतला. मी पलीकडे सरकलो, गोणी ढिम्म. मी आणि ती, दोघं पाण्यात.

लतिका कशी आपोआप सरकायची. आपोआप कसलं, मी ओरडायचो म्हणून. गोणीवरही ओरडून पाहिलं.

१५ जानेवारी
आज जाइब. तसंच वळण, पण वारा पाठीमागून. मेनशीट आधी आत ओढून घ्यायची आणि दांडा पलीकडे गेला की सरसर सैल सोडायची. मी ओढायच्या आतच दांडा आला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. दोष वाऱ्याचा. भुईगावचा वारा पूर्वी असा नव्हता. लतिका असताना दांडा अलगद जायचा.

टेंगळाचा फोटो तिला पाठवला. ब्लू टिक आली. बर्फ लावा, एवढंसुद्धा नाही.

२५ जानेवारी, संध्याकाळ
लतिका आली! मार्सेलच्या बायकोला, कार्मिनला भेटायला आली, पण आली. म्हटलं, एक फेरी मारू? म्हणाली, एकदाच. म्हणजे सुरुवात झाली.

मी एकदाही ओरडलो नाही. टॅक झकास. आणि जाइब तर काय सांगू! वारा पिसाटलेला, मी दोन्ही हातांनी सुकाणू घट्ट धरून, आणि दांडा अलगद पलीकडे. म्हटलं, बघितलंस? ती हसली. तेच जुनं हसू. आनंदाने रडूच यायचं बाकी होतं.

उतरताना तिने मेनशीटचं टोक माझ्या हातात दिलं, नीट बांधून ठेवा म्हणाली. मग पर्समधून फ्लॅटची किल्ली काढून तीही दिली. माझी हरवली तर असावी म्हणून. काळजी आहे अजून.

रिक्षातून हात हलवला. तळवा लालभडक दिसला. कार्मिनच्या मसाल्यात हात घातला असणार.

२७ जानेवारी
गोणी बोटीत चढवली. परत उतरवली.

माझे दोन्ही हात सुकाणूवर होते. मग मेनशीट?

ओली दोरी ओढली की तळवे सोलतात. माझे इतक्या वर्षांत एकदाही सोलले नाहीत. मला वाटायचं, माझी कातडीच जाड. आज उन्हात धरून पाहिले. मऊ आहेत. फाइली चाळणाऱ्याचे.

वाळू नारळाच्या बुंध्याशी ओतली. मार्सेल हसला नाही. कार्मिनने विचारलं, जेवून जाता का? नको म्हटलं.

माझी किल्ली हरवलेली नव्हती. आता दोन झाल्या.

घरी आलो आणि लतिकाला हाक मारली. अगदी हळू. वारा नव्हता. सगळ्या खोल्यांत ऐकू गेली.