शून्य गुण आणि परखड शेरा

५ एप्रिल
नव्या अभ्यासक्रमात कम्प्युटर आला. आम्हा मास्तरांना ऑनलाइन कोर्स सक्तीचा. मला कशाला? मी गणिताचा. कम्प्युटर हे गणिताचंच पोर. हिची गोष्ट वेगळी. ही माझ्याच शाळेत शिवणकाम शिकवते आणि तो विषय बंद होतोय. कोर्स पास झाली तर नोकरी इथेच, नाहीतर लांबच्या शाळेत बदली. बिचारी धास्तावली आहे. तिची तयारी मीच करून घेणार.

६ एप्रिल
लॉगिन केलं. म्हणजे हिने करून दिलं. व्हिडिओतला माणूस भरभर बोलतो. शिकवण्याची पद्धतच चूक. तसं कळवणार आहे.

१४ एप्रिल
व्हिडिओ लावून अंघोळीला गेलो. परत येतो तर स्क्रीनवर 'अभिनंदन'. ही तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघते. घोकंपट्टीने काही साधत नाही, असं समजावलं. हो म्हणाली आणि परत बघत बसली.

२ मे
प्रोजेक्ट सबमिट. हिने माझ्या प्रोग्रामवर जरा हात फिरवला. किरकोळ दुरुस्ती, सगळ्याच ओळींत. कल्पना माझी.

५ मे, दुपारी
आता एकमेकांचे प्रोजेक्ट तपासायचे. नावं गुप्त. मला आलेली फाइल उघडेना. शितावरून भाताची परीक्षा करणारा माणूस मी, इथे शीतही लागलं नाही. शून्य. शेरा लिहिला: 'आपण आधी पाटीवर गिरवावं, मग मुलांचं वाटोळं करायला घ्यावं.' परखड आहे, पण कुणीतरी बोलायला हवंच.

१२ मे
मी पास. ही काठावर नापास. तपासणाऱ्या तिघांपैकी दोघांनी पैकीच्या पैकी दिले, तिसऱ्याने शून्य. जेवताना तिने शेरा वाचून दाखवला. पाटीवर गिरवावं वगैरे. मला ठसका लागला. हिने पाणी दिलं. प्रोजेक्ट काय होता, विचारलं. एक टाका दाखवला की कम्प्युटर सगळी नक्षी पुरी करतो, म्हणाली.

१३ मे
कोर्सवाल्यांचा ईमेल. बाकी दोघांनी पूर्ण गुण दिलेत, तुम्हाला बदलायचे असतील तर वीस तारखेपर्यंत बदला. आता परीक्षकच शब्द फिरवायला लागला तर परीक्षेला अर्थ काय? पण शेवटी बायको आहे. बदलणार. उद्या, डोकं शांत असताना.

१७ मे
हिचे डोळे सुजलेत. जागरण करत असावी. गुण बदलायचे तर कारण लिहावं लागतं. 'फाइल उघडलीच नव्हती' असं माझ्यासारख्याने कसं लिहायचं? बरंसं कारण सुचलं की लगेच बदलतो.

२१ मे
मुदत संपली. इतकी तोकडी मुदत ठेवतात, मग माणूस करणार काय? कडक पत्र लिहिणार आहे.

१६ जून
कम्प्युटरचा पहिला तास. प्रोग्राम चालेना. पोरं हसायला लागली. आज फक्त निरीक्षण करा, म्हणालो. संध्याकाळी हिला फोन केला. ती आता बदलीच्या गावीच खोली घेऊन राहते, रविवारची येते. कुठे चुकलं ते तिने सावकाश सांगितलं, दोनदा, न चिडता. प्रोग्राम चालला. तू इथे असतीस तर बरं झालं असतं, म्हणालो. त्यावर म्हणाली, शेरा वाचला तेव्हाच तुमची भाषा ओळखली होती. वीस तारखेची मुदत मलाही कळवली होती त्यांनी. रोज वाट बघत होते.

आवाज तुटतोय, असं सांगून फोन ठेवला. आवाज स्पष्ट येत होता.