स्पिरिट गोठत नाही

तोर्वा, अर्खांगेल्स्क प्रांत
१९ मे १९९७

प्रिय वेन्या,

परवा शनिवारी, १७ मे रोजी, दुपारी चार वाजता, जिल्हा ग्रंथालयाच्या वाचनकक्षात माईकसमोर उभं राहून तू माझ्या नवऱ्याबद्दल एक खोटं वाक्य वाचलंस. मी तिसऱ्या रांगेत होते. वाचण्याआधी तू चष्मा काढलास. लोकांना वाटलं, भाऊ आठवून डोळे भरून आले. तुला चष्म्याशिवाय तिसरी रांग दिसत नाही, हे मला माहीत आहे.

आता रीतीप्रमाणे विचारपूस. तुझा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा करते. अलेफ्तिनाला सांग, गुडघ्याला कोबीचं पान बांधायचं तर आधी लाटण्याने ठेचून घे, नुसतं बांधून काही होत नाही. मी बरी आहे. नदीचा बर्फ यंदा उशिरा फुटला, बियाण्याचे बटाटे खिडकीत कोंब काढून बसलेत आणि जमीन अजून फावड्याला दाद देत नाही. नीनेलचा शहरातून फोन होता. त्याबद्दल खाली लिहिते.

तुझं पुस्तक मी पूर्ण वाचलं. ‘आपल्या प्रांतातील हवाई अपघात आणि त्यांची कारणे.’ कागद चांगला आहे, नकाशेही चांगले आहेत. कारणांबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. अठ्ठावन्न साली टपालाचं विमान धुक्यात टेकडीवर आदळलं. कारण म्हणून तू लिहिलंस, वैमानिकाची चूक. त्या टेकडीवर दिवा लावायचा हुकूम कुणाच्या तरी खणात पडून होता, हे मला तूच सांगितलंस, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात, तिची खारवलेली अळंबी खाता खाता. बहात्तर साली नववर्षाच्या तोंडावर मासळीच्या पेट्या आणि यादीत नाव नसलेली माणसं भरून निघालेलं विमान धावपट्टीच्या टोकाला पडलं. तू लिहिलंस, वैमानिकाने जादा भार स्वीकारला. त्याने तो नाकारला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला गावात कुणी पाव विकला नसता. वर्षातून एकदा घरी जायला निघालेल्या माणसाला, त्यातही हातात मासळी असलेल्या माणसाला, ‘उतर खाली’ म्हणणारा वैमानिक आपल्या उत्तरेत जन्मला नाही. हे सगळ्या प्रांताला ठाऊक आहे. तुझ्या पुस्तकाला नाही.

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी शोधत होते, वेन्या. तुझ्या पुस्तकात एकाही जिवंत माणसाने चूक केलेली नाही.

आता आपल्या घरची नोंद. सन पासष्ट, ऑक्टोबर. ‘हेलिकॉप्टरच्या पात्यांवर बर्फ साचू लागल्यानंतर वैमानिक रोडियन लोख्तिन यांनी बर्फनिवारण यंत्रणा वेळेत सुरू केली नाही.’ चौकशी समितीच्या अहवालात हे वाक्य नव्हतं. तिथे होतं, ‘तीव्र बर्फ, प्रतिकूल हवामान.’ त्या अहवालाबरोबर मी एकतीस वर्षं राहिले. हवामानाला भावजय नसते, दीर नसतो, ते कुणाच्या घरी जेवायला येत नाही, म्हणून राहता आलं.

नीनेल वडील गेले तेव्हा तीन वर्षांची होती. तिने तुझ्या पुस्तकाच्या पाच प्रती मागवल्या, मैत्रिणींना द्यायला. रविवारी फोनवर म्हणाली, “आई, बाबांनी ते बटण दाबलंच नव्हतं का?” मी म्हटलं, लाइन नीट ऐकू येत नाही, आणि फोन ठेवला. लाइन उत्तम होती.

आणि दगडाचं काय? जुन्या विमानतळावर ऑगस्टात, विमानदलाच्या दिवशी, जो स्मृतिस्तंभ उभा राहणार आहे त्याच्या समितीचा अध्यक्ष तू. स्वतःच्या चुकीमुळे यान गमावलेल्या वैमानिकांची नावं त्यावर कोरायची नाहीत, असा ठराव तुम्ही केल्याचं ग्रंथालयातल्या बाईंनी मला चहा देता देता सांगितलं. त्यांना वाटलं मला माहीत असेल. म्हणजे तुझ्या एका वाक्याने रोडियन दगडावरून उतरला.

तू मला ओळखतोस. मठ बंद होऊन तिथे जवसाचं गोदाम झाल्यावर आमच्या शेजारच्या न्हाणीघरात ज्या दोन म्हाताऱ्या जोगिणी राहायच्या, त्यांनी मला अक्षर शिकवलं. दूध सांडलं तर ‘सांडलं’ म्हणायची परवानगी नव्हती. कुणी सांडलं ते सांगावं लागे. त्यानंतर अख्खं आयुष्य मी औषधाच्या दुकानात काढलं, तिथेही बाटलीवर एक आणि आत दुसरं असं चालत नाही.

म्हणून एकच विचारते. हे वाक्य तू कुठून आणलंस?

तुझी वहिनी,
येवस्तोलिया

•

तोर्वा
९ जून १९९७

वेन्या,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे अलेफ्तिना मिळाली. बसने आली, मांडीवर पिरोग घेऊन, आत मासळी भरून भाजलेला, कापडात गुंडाळलेला, अजून कोमट. नवऱ्याने बायकोला पोस्टमन केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुमच्या घरी ती काय सांगेल ते सांगेल. आमच्यात झालेलं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मागाहून वाद नको.

आधी तिने माझे पडदे पाहिले, मग मांजर पाहिलं, मग म्हणाली, “स्तोल्या, तू बारीक झालीस.”

“मी तीस वर्षं एवढीच आहे. तू जाड झालीस म्हणून मी बारीक दिसते. बोल काय ते.”

“तो झोपत नाही गं. रात्रभर स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसतो.”

“लिहिताना झोपला होता का?”

“माणूस गेलेला आहे, त्याला काय फरक पडतो? जिवंत माणसाचा विचार कर.”

“जिवंत माणसाचा विचार मी सन पासष्टपासून करतेय, अल्या. पिरोग काप, निवतोय.”

तिने कापला. सुरीने नीट चौकोन केले, एक मला वाढला, आणि मग मान खाली घालून म्हणाली, “तो स्तंभ आमच्या खिडकीसमोर येणार आहे. पाव आणायला जाताना त्याला रोज त्याच्यासमोरून जावं लागेल. तिथे रोड्याचं नाव असलं तर त्याला नाही झेपणार. एवढंच आहे, स्तोल्या. दुसरं काही नाही.”

मी घास गिळला. पिरोग चांगला झाला होता, तो तिचा दोष नाही.

तर हे वाक्य तू खिडकीतून आणलंस. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांत तू स्वतःच त्याच्यावर विश्वास ठेवायला लागलास. म्हाताऱ्या माणसांचं होतं तसं. ते मी समजून घेतलं असतं.

मागच्या पत्रात मी काही गोष्टी लिहिल्या नाहीत. तू ओळखशील आणि मला लिहावं लागणार नाही, अशी आशा होती. आता लिहिते.

तुझं लग्न रविवारी होतं. टेबलावर बारा बाटल्या होत्या, लेबलं नसलेल्या. लग्नाआधी सगळ्यांनी तुला सांगितलं, वहिनी औषधाच्या दुकानात आहे, तिच्याकडे स्पिरिट माग. तू मागितलं नाहीस, कारण मी दिलं नसतं. विमानतळाचं गोदाम तुझ्या ताब्यात होतं. पात्यांवर आणि काचेवर बर्फ धरू नये म्हणून फवारायचं तिथलं स्पिरिट सगळं गाव पीत होतं, हे मी नाकारत नाही. त्या स्पिरिटवर सरपण यायचं, छप्पर दुरुस्त व्हायचं, नळ दुरुस्त व्हायचे. निरभ्र दिवशी उडालेल्या यानाच्या कागदावर ‘बर्फनिवारणासाठी वापरलं’ असं लिहायचं आणि उरलेलं घरी न्यायचं. त्या कागदांवर रोडियनही सही करायचा. तो संत नव्हता, आणि मी त्याला तसा बनवायला निघालेली नाही.

पण त्या दिवशी त्याने पेला नाकाजवळ नेला आणि विचारलं, “हे कुठून आणलंस रे?”

तू म्हणालास, “आकाशातून, दादा.”

सगळे हसले. तो पण हसला. मग म्हणाला, “माझ्या आकाशातलं नाही ना?”

“तुझ्याला कसा हात लावीन? गोदामातलं आहे.”

आणि त्याने तुझ्या सुखासाठी पेला एका दमात रिकामा केला. मी त्याच्या शेजारी बसले होते.

गोदामातलं पुरलं नव्हतं. उरलेलं तू त्याच्या हेलिकॉप्टरच्या टाकीतून काढलंस आणि पातळी दिसायला हवी म्हणून पाणी ओतलंस. मंगळवारी नवं पिंप येणार होतं, सोमवारी उड्डाण नव्हतं. तू कुणाचा जीव घ्यायला निघाला नव्हतास. तू पाहुण्यांपुढे कमी पडू नये म्हणून निघाला होतास. सोमवारी पहाटे रेनडिअरवाल्यांच्या तळावरून निरोप आला, बाई अडली आहे. रोडियन आणि त्याचा यंत्रज्ञ सावाती निघाले. तुला कुणी उठवलं नाही, नवरदेवाला कोण उठवतं? ती बाई त्यांची वाट पाहून शेवटी स्लेजवरच बाळंत झाली, सुखरूप.

सावाती आठवडाभर जगला. दवाखान्यात त्याच्या खाटेशी मी होते आणि आई होती. तो म्हणाला, “पंप त्याने लगेच चालू केला. मी पाहत होतो. काचेवर जे आलं ते तिथेच गोठलं. स्पिरिट गोठत नाही, स्तोल्या.”

आईने ऐकलं. बाहेरच्या बाकावर बसून तिने माझी बाही धरली. तिला आदल्या रविवारच्या बाटल्या आठवल्या होत्या. मला त्याआधीच आठवल्या होत्या. ती म्हणाली, “एक मातीने नेला. दुसरा तुरुंगाने नेऊ नये. मी आहे तोवर बोलू नकोस.” मी शब्द दिला. मी अठ्ठावीस वर्षांची होते, पोर तीन वर्षांची होती, आणि ती बाई मला माझ्या आईपेक्षा जवळची होती. त्याच संध्याकाळी तू आमच्या दारात उभा राहिलास आणि म्हणालास, “वहिनी, दादाच्या नावाला मी कधी धक्का लागू देणार नाही.” तो सौदा होता, वेन्या. तुझ्या बाजूने फक्त एवढंच देणं होतं.

आई मागच्या फेब्रुवारीत गेली. ती होती तोवर तू हे वाक्य लिहिलं नाहीस. तुला वाटलं, ऐकणारं कुणी उरलं नाही. तू चुकीच्या बाईला पुरलंस. मी शब्द तिला दिला होता, तुला नाही, आणि तो तिच्याबरोबर संपला.

तुला तुरुंगात पाठवायचं नाही. आता कुणी पाठवणारही नाही. विमानतळ बंद आहे, टाकी कधीच भंगारात गेली, सावाती गेला. तू लग्नाच्या बाटल्यांबद्दल चारचौघांत सांगावंस, असंही मी म्हणत नाही. ते तुझं आणि अलेफ्तिनाचं. मला एवढंच हवं आहे की पुस्तकाच्या उरलेल्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी लागावी, वैमानिकाने यंत्रणा वेळेत सुरू केली होती असं तिच्यावर छापलेलं असावं, आणि खाली तुझी सही असावी. दगडावर त्याचं नाव असावं. आणि नीनेलला तू स्वतः पत्र लिहावंस. काय लिहायचं ते तू ठरव, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, दाबलं होतं’ असं त्यात असायला हवं.

पाव आणायला दुसरा रस्ता आहे, शाळेमागून. लांब पडतो, पण माणूस चालू शकतो. मी इतकी वर्षं तुमच्या घरी प्रत्येक वाढदिवसाला आले, तुझ्यासमोर बसून जेवले, तुझ्या हातून पेला घेतला. तेही लांबच पडत होतं.

दगड कोरणारा जुलैच्या पहिल्या तारखेला काम सुरू करतो, मी त्याच्याकडे जाऊन विचारून आले. म्हणून सोमवार, ३० जूनच्या संध्याकाळपर्यंत तुझं लेखी उत्तर माझ्या टपालपेटीत असलं पाहिजे, समितीच्या कागदावर, सहीसह. नसलं तर पहिल्या तारखेला सकाळी मी सावातीचे शब्द घेऊन समितीसमोर येईन, आणि मग बाटल्यांसकट सगळंच बोलेन.

अलेफ्तिनाला पाठवू नकोस, तिचा गुडघा दुखतो. फोनही करू नकोस. फोनवर तू रडतोस, आणि मग मीच तुझी समजूत काढत बसते.

रोडियन लोख्तिनची बायको,
येवस्तोलिया मार्केलोव्हना