एक नंबर मोठे बूट

अरे,

सकाळची पाळी आहे, मी निघते. उठलास की आधी हे वाच, मग चहा.

चिमीचे नवे बूट तिला होत नाहीत. काल दुकानात "अगदी बरोबर बसतात गं आई" म्हणाली खरी, पण मी पुढचं टोक दाबून पाहिलं तर आत बोटं मुडपून धरलेली. चारचौघांत काही बोलले नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

चावतात का, असं विचारू नकोस, ती नाहीच म्हणेल. गादीवर चालायला लाव आणि मागून बघ. जमिनीवर नको, तळ मळला तर दुकानदार बदलून देणार नाही. उद्यापासून तिची मोठी शाळा, म्हणजे जायचं ते आजच.

मोठा नंबर तिला का नको, ते तुलाही कळेल. परवा पाहुण्यांसमोर तिच्या पायांकडे बोट दाखवून तू म्हणालास, "लेकीने बापाच्या होड्या उचलल्यात!" सगळे हसले, तीही हसली. पण तेव्हापासून पाय खुर्चीखाली ओढून बसते. इतकी वर्षं साधं खरचटलं तरी घर डोक्यावर घेणारी पोर, आता दुखतंय ते हसून लपवते.

मला फोन करू नकोस, कामावर उचलता येत नाही. नाही, एकदा करच.

आणि तिची समजूत काढत बसू नकोस, उगाच अवघडेल. दुकानात गेलास की आधी स्वतःसाठी बूट माग, आणि तुझा नंबर जरा मोठ्याने सांग.