आई फोनवर जे बोलली नाही

दादा,

तुझा फोन लागत नाही, म्हणून लिहून ठेवतेय. सकाळी आई न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. दूधवाल्याच्या गाडीतून तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेतेय.

आधी डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी विचारलं, "आणखी काही त्रास?" आई नेहमीसारखं म्हणाली, "थोडं पित्त आहे." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी मोबाईल पालथा ठेवला आणि म्हटलं, आता मला तरी खरं सांग. तेव्हा रडली. कित्येक महिने तिच्या अंगावरून जातंय. दर वेळी मोबाईल धरून तू समोर असायचास. पोटच्या पोराच्या देखत, काचेतल्या परक्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाली. गावच्या दवाखान्यात नर्सबाई होत्या तोवर त्यांच्याशी दार लावून सगळं बोलायची.

तुझा दोष नाही रे. तू फोन लावायचास म्हणून डॉक्टर तरी दिसायचे. मी मात्र घरात असून मला कळलं नाही.

मग मीच डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अंगात रक्त उरलेलं दिसत नाही, वाट बघू नका. तुझा रक्तगट तिचाच आहे. वाचलंस की तसाच निघ, जेवायला थांबू नकोस. बाबांना गोळ्या शेजारच्या काकू देतील. बाबांना एवढंच सांग की आईला अशक्तपणा आलाय.

दादाला सांगू नकोस, अशी शपथ घातलीय तिने मला. ती मी मोडली. तू तिला काही विचारू नकोस, नुसता जवळ बस.

मला फार भीती वाटतेय. लवकर ये.

तुझी धाकटी